चाकांचे पोपडे

गणेशोत्सवात आरती आटोपून मंडळी प्रसादाच्या रांगेत उभी होती, तेव्हा माझ्या गाडीच्या चाकांचा विषय निघाला. काढला तो आमच्याच हिनं. "यांना विचारा, अख्खा मे महिना चाकं सोलत बसले होते." सगळे हसले. मग त्याच हसणाऱ्यांपैकी तिघांनी मला एकेकट्याला कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं, की आमच्याही चाकांवरचा लेप सुटायला लागलाय, काय करावं? संपादकांच्या कानावर हे गेलं आणि "आता लिहूनच द्या" असं फर्मान निघालं. व्यवसायानं मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टरेट इंजिनिअरिंगमधली. दोन्हींपैकी एकाचाही त्या मे महिन्यात फारसा उपयोग झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लेप लावायची वेळ का येते, ते इथं राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जर्मन माणूस 'ओ ते ओ' म्हणतो, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर. २०१० पासून बर्फाळ रस्त्यावर ते कायद्यानंच लागतात. त्यामुळे बहुतेक घरी चाकांचे दोन संच असतात, एक गाडीला आणि दुसरा तळघरात. माझा हिवाळी संच जुना घेतलेला, पण अ‍ॅल्युमिनियमचा आणि दिसायला देखणा. हिवाळ्यात गार्चिंगहून म्युनिककडे जाताना रस्त्यावरचं मीठ गाडीच्या पोटाला कसं चिकटतं ते आपण सगळेच बघतो. या देखण्या चाकांचं त्या मिठापासून रक्षण करावं, एवढाच माझा शुद्ध हेतू होता.

खरं तर अ‍ॅल्युमिनियमचं चाक कारखान्यातून निघतं तेच अंगावर तीन कपडे घालून. खाली प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लाखेसारखा थर. हा वरचा थर शाबूत असेपर्यंत मीठ धातूचं काही करू शकत नाही. पण एखादा खडा उडून लागला किंवा फूटपाथच्या कडेला चाक घासलं, की तिथून मिठाचं पाणी थराखाली शिरतं आणि आतल्या आत पुढे सरकत जातं. वरून पाहिलं तर पांढरट, वेड्यावाकड्या दोऱ्यांसारख्या रेघा दिसतात, जणू काचेखाली वाळवी. लोखंडाच्या गंजासारखा हा तांबडा नसतो, म्हणून बराच काळ आपण त्याला डागच समजतो.

तर ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी संध्याकाळी (रविवारी असली कामं करायची बव्हेरियात सोय नाही) मी इमारतीखालच्या गॅरेजमध्ये वर्तमानपत्रं पसरली आणि फवाऱ्याच्या डब्यातून मिळणारा रबराचा लेप चाकांना मारला. डब्यावर स्पष्ट लिहिलं होतं: चाक धुवा, तेलकटपणा घालवा, पूर्ण वाळवा, उबदार हवेत चार-पाच थर द्या. मी ओल्या फडक्यानं पुसलं, गॅरेजमध्ये जेमतेम आठ अंश होते, आणि दोन डब्यांत चार चाकं बसवायची म्हणून थर दिले दोन. शिवाय संरक्षण करायचं तर पूर्ण करावं म्हणून चाकाची मागची बाजूही फवारली आणि बोल्ट बसतात ती भोकंही. दुसऱ्या दिवशी चाकं काळीभोर, मखमली दिसत होती. फोटो काढून भावाला पाठवले.

पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती. आई-बाबा आले होते, त्यांना घेऊन आम्ही न्यूर्नबर्गला निघालो. ए-९ वर तासभर गेल्यावर गाडीच्या पुढच्या उजव्या बाजूनं घुर्रऽ घुर्रऽ असा आवाज यायला लागला आणि सुकाणूचं चक्र हातात थरथरायला लागलं. मागे आई, मुलगी आणि ही. पहिल्या थांब्यावर गाडी आत घेतली, डिक्कीतून पाना काढला आणि पहिल्या बोल्टला लावला. तो जोर न लावता फिरला. पाचांपैकी तीन तसेच. उरलेल्या तीन चाकांचेही बोल्ट कमीअधिक सैल. त्या थांब्यावर किती गार वारा होता ते मला आजही आठवतं, कारण मला घाम फुटला होता.

हे का झालं ते घरी आल्यावर कागदावर मांडून पाहिलं आणि तेव्हा दुसऱ्यांदा घाम फुटला. चाकाचा बोल्ट चाकाला नुसता खिळ्यासारखा धरून ठेवत नाही. आपण टॉर्क रेंचनं तो आवळतो (माझ्या गाडीला १२० न्यूटन-मीटर), तेव्हा बोल्टची दांडी ताणली जाते, एखाद्या कडक स्प्रिंगसारखी. त्या ताणामुळे चाक हबवर काही टनांच्या जोरानं दाबलं जातं आणि त्या दाबातून होणारं घर्षण चाकाला जागेवर ठेवतं. आता हा ताण लांबीत मोजला तर किती? माझ्या हिशेबानं मिलिमीटरचा विसावा भाग, त्याच्या आसपास. आणि मी मारलेल्या रबराच्या थराची जाडी? तीही तेवढीच. बोल्टच्या बुडाखाली आणि चाक-हबच्या मध्ये रबर असलं, की गाडी चालताना तापून, दबून ते बाहेर सरकतं. जेवढं ते सरकलं तेवढा ताण संपला. मी संरक्षणाच्या नावाखाली स्प्रिंगचा ताणच काढून घेतला होता.

म्हणून बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण ज्याच्या चाकावर कुणीही, कधीही, कसलाही लेप मारला असेल त्यानं आज संध्याकाळी बोल्टची भोकं आणि चाकाची हबला टेकणारी सपाट जागा पाहावी. तिथं नुसता स्वच्छ धातू किंवा कारखान्याचा पातळ थर हवा, वर चढवलेलं काही नको. चाकं बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे, हे बिलावर छापलेलं असतं आणि आपण वाचत नाही. मीही वाचलं नव्हतं.

थांब्यावर बाबा शांत होते. ते जन्मभर शाळामास्तर होते, गाडीतलं त्यांना काही कळत नाही. पण संध्याकाळी मी भोकांमधलं रबर खरवडत बसलो तेव्हा ते शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या गल्लीत कल्हईवाला यायचा, आठवतो का? भांडं तासभर घासायचा आणि कल्हई दोन मिनिटांत. तू उलटं केलंस." मला कल्हईवाला चांगला आठवतो. भाता, निखारे, नवसागराचा पांढरा धूर आणि मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवलं की पातेलं चांदीसारखं. आम्हा पोरांना तेवढाच भाग बघायचा असे. घासण्याचा कार्यक्रम कंटाळवाणा म्हणून आम्ही तोपर्यंत गोट्या खेळायचो.

हिवाळाभर भोकं स्वच्छ ठेवून त्याच चाकांवर गाडी चालवली. बाकीच्या लेपाचे जानेवारीपासूनच पोपडे सुटायला लागले. इथं लेपाची गंमत थोडी समजून घ्यायला हवी. हे रबर द्रावकात विरघळवलेलं असतं; द्रावक उडून जातो आणि मागे पापुद्रा उरतो. रंगासारखा तो धातूला घट्ट धरत नाही, नुसता अंगाला बसलेला असतो. थर जाड असला तर पापुद्र्याची स्वतःची ताकद त्याच्या पकडीपेक्षा जास्त असते, त्यामुळे कडेला धरून ओढला की अख्खा सोलून निघतो. 'नको झाला तर सोलून काढा' अशी जाहिरात असते ती याच्या जोरावर. पण थर पातळ असला की गणित फिरतं. पापुद्रा धातूला सोडण्याआधी स्वतःच फाटतो. म्हणजे नखाएवढा तुकडा निघतो, पुन्हा नखाएवढा, पुन्हा. त्यातून खाली धूळ आणि तेलकटपणा असेल तिथं तो आपोआप सुटतो, कडेनं मिठाचं पाणी आत ओढलं जातं आणि वर झाकण असल्यामुळे वाळत नाही. उघड्या चाकाला पाऊस तरी धुतो. माझ्या चाकांना मी मिठाच्या ओल्या पोटिसात गुंडाळून ठेवलं होतं.

मे महिन्यात काढायला बसलो. पहिले दोन शनिवार नखं, प्लॅस्टिकची कार्डं आणि स्वयंसेवा धुलाईकेंद्रातला जोराचा फवारा यांत गेले. तिसऱ्या शनिवारी वैतागून दुकानात ओव्हन साफ करायचा फेस हातात घेतला होता. त्यात असतो कॉस्टिक सोडा, आणि रंग तो खरंच खातो. पण अ‍ॅल्युमिनियम हा असा धातू आहे की त्याला आम्ल आणि अल्कली दोन्ही बाधतात. कॉस्टिकमध्ये तो हायड्रोजनचे बुडबुडे सोडत विरघळायला लागतो. लोखंडी फाटकाला चालणारा उपाय या चाकाचं कायमचं नुकसान करतो. हे मी बारावीच्या रसायनशास्त्रात शिकलो होतो, आठवलं मात्र पैसे द्यायच्या रांगेत.

दुसरा मोह जुन्या रंग-उतरवणीच्या द्रवाचा. लावला की पाच मिनिटांत रंग सुरकुतून वर यायचा. त्यातला मुख्य घटक डायक्लोरोमिथेन. युरोपीय संघात घरगुती ग्राहकाला तो विकणं २०११ च्या अखेरीपासून बंद आहे, आणि कारण नोकरशाहीचं नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे तळघरात जमिनीलगत साठते. शरीरात गेल्यावर त्याचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड होतो. बंद खोलीत काम करताना माणसं दगावलेली आहेत. आपल्यापैकी एका गृहस्थांनी मला "भारतातून बॅगेत आणता येईल का" असं विचारलं. कृपा करून आणू नका, विमानात तर मुळीच नाही.

तिसरा रस्ता, चाक कुणाकडे तरी देऊन भट्टीत लेप जाळून घेणं. स्वस्तात करून देणारे भेटतात. पण ओतीव चाकाला त्याची ताकद उष्णतेच्या ठराविक पाकक्रियेतून मिळालेली असते: आधी पाचशे अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवणं, मग दीडशे ते एकशे ऐंशी अंशांच्या आसपास काही तास मुरवणं. हे चाक पुन्हा भलत्या तपमानाला भाजलं तर ते मऊ पडू शकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चाकाला वेल्डिंग करणं किंवा तापवून सरळ करणं यांचंही तेच.

शेवटी तोडगा दिला तो आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी. ते आयुष्यभर यंत्रांच्या कारखान्यात काम करून निवृत्त झालेले, बोलणं अस्सल बव्हेरियन. माझं नखानं टोकरणं ते तीन शनिवार बाल्कनीतून पाहत होते. चौथ्या शनिवारी खाली आले, चाकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "नो अमोय!" म्हणजे आणखी एकदा. मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांना म्हणायचं होतं, याच लेपाचे वर आणखी थर द्या.

विचार केला तर सरळ आहे. नव्या थरातला द्रावक जुन्या रबराला मऊ करतो, दोन्ही एकजीव होतात, जाडी वाढते आणि पापुद्र्याची ताकद पकडीच्या पुढे जाते. पातळ लेप काढायचा उपाय म्हणजे आधी तो जाड करणं! हे मला अभ्यासातून सुचायला हवं होतं, असं ही नंतर दोनदा म्हणाली.

या वेळी मात्र बाबांची आठवण ठेवून क्रम पाळला. चाकं धुतली, एक दिवस उन्हात वाळवली, बोल्टची भोकं आणि मागची बाजू चिकटपट्टीनं झाकली, आणि मोकळ्या जागेत, वीस अंशांच्या उबेत, भरपूर ओले असे पाच थर दिले. प्रत्येक थरानंतर अर्धा तास, शेवटी पूर्ण दिवस. दुसऱ्या दिवशी काठाला बोथट प्लॅस्टिक घालून कड उचलली आणि हलक्या हातानं, चाकाशी जवळजवळ समांतर ओढत गेलो. पहिल्या चाकाचा लेप सापाच्या कातेसारखा एका तुकड्यात हातात आला. मुलीनं तो अंगणात नाचवला. दुसऱ्याचे तीन तुकडे झाले, चौथ्यानं मात्र पुन्हा थोडं छळलं.

कोनाकोपऱ्यात उरलेल्या ठिपक्यांवर इथं औषधांच्या दुकानात मिळणारं 'वाशबेन्झिन' फडक्याला लावून दहा मिनिटं ठेवलं, की रबर फुगून पुसलं जातं. आधी चाकाच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी लावून पाहायचं. मूळ पारदर्शक थर चिकट झाला तर तिथंच थांबायचं. नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन नको, ते त्या थराला सोडत नाही. काम उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून लांब, आणि टायरच्या रबरावर ते बेन्झिन ओघळू द्यायचं नाही. हे सगळं पुन्हा सांगतो ते फक्त रबराच्या लेपाला लागू. कुणी घाईत चुकीचा पक्का रंग फवारला असेल तर तो असा सोलत नाही. त्याला ओला पॉलिशपेपर आणि भरपूर धीर, किंवा ओळखीचा चांगला कारागीर. सिरॅमिकचा लेप तर घासूनच काढावा लागतो.

लेपाखाली काय निघालं? ब्रेकच्या पुडीचे तांबूस ठिपके, चाकात रुतलेले. त्यासाठी लोखंड ओढून घेणारा साबण मिळतो, तो लावला की जांभळे ओघळ येतात. बघायला भीषण, पण चाकाला तो सोसतो. आणि एका चाकावर दोन ठिकाणी त्या पांढऱ्या दोऱ्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या. लेप लावायच्या आधी काढलेल्या फोटोत त्या नाहीत, मी मोठा करून पाहिलं.

धुण्याबद्दल एक. आपलं गार्चिंग वसलंय ते म्युनिकच्या खडीच्या मैदानावर. अंगणात ओतलेलं पाणी खडीतून सरळ भूजलात उतरतं, आणि इकडे उत्तरेला ते भूजल जमिनीच्या फार खोल नाही. म्हणून चाकं धुवायची ती तेल वेगळं करणारी टाकी असलेल्या धुलाईकेंद्रातच. अर्धवट भरलेले डबे, बेन्झिनची फडकी हा 'प्रॉब्लेमम्युल', घरच्या कचऱ्यात नाही.

या चाकांच्या भानगडीनंतर जूनमध्ये मुलीला घेऊन युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या 'सुपरनोव्हा' या केंद्रात गेलो होतो. भुयारी रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनापासून चालत जाता येतं. २०१८ साली उघडलेलं हे केंद्र ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. चिलीतल्या त्यांच्या मोठ्या दुर्बिणींचे आरसे ८.२ मीटर व्यासाचे. काचेवर अ‍ॅल्युमिनियमचा जो चकचकीत थर असतो तो ८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या रबराच्या सहाशेव्या हिश्श्याइतका पातळ. वाळवंटातल्या धुळीनं तो मंद होतो. म्हणून दीड-दोन वर्षांनी वीस टनांहून जड आरसा उतरवतात, रसायनांनी जुना थर धुऊन काढतात आणि निर्वात पेटीत नवा चढवतात. नव्या, ३९ मीटरच्या दुर्बिणीच्या मुख्य आरशाचे तर ७९८ तुकडे. तिथं रोज दोन तुकडे काढून लेप बदलण्याची योजना आहे. काच तीच राहणार, वरचा थर मात्र जाणारच, हे त्यांनी आराखड्यातच धरलंय. मुलीनं विचारलं, "मग त्यांच्या आरशाचे पोपडे निघत नाहीत?" म्हटलं, निघण्याआधीच ते काढतात.

घरी येताना मला मात्र अजिंठा आठवत होता. आमचं गाव तेव्हाचं औरंगाबाद, त्यामुळे शाळेच्या सहली ठरलेल्या. गुरुजी बॅटरी मारून चित्रं दाखवत आणि आम्हाला वाटे की ही अशी पिवळट तपकिरीच काढली असणार. पुढे वाचलं तेव्हा कळलं की त्या पिवळेपणाचा मोठा हिस्सा लेपाचा होता. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी, त्यांत मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्सही आले, रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वॉर्निश फिरवलं. मग १९२० ते १९२२ च्या सुमारास निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीपासून सुटत आलेला गिलावा त्यांनी जागेवर बसवला, ते फार मोलाचं काम झालं. पण चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी वर लाखेचं वॉर्निश दिलं. लाख आपलीच, चकाकी सुंदर. मात्र वय झालं की ती पिवळी पडते, आकसते, तडकते, आणि आकसताना खालच्या रंगाचे कपचे बरोबर ओढते. त्याहून वाईट म्हणजे जुनी झालेली लाख ताज्या लाखेसारखी स्पिरिटमध्ये सहज विरघळत नाही.

पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना हे वॉर्निश उतरवण्यात वर्षानुवर्षं घालवावी लागली. द्रावकात भिजवलेला कापसाचा बोळा, एकेक इंच जागा, आणि खाली चुना-मातीच्या गिलाव्यावरचा दीड हजार वर्षांपूर्वीचा रंग, जो पुन्हा कुणी काढून देणार नाही. माझ्याजवळ चार चाकं होती आणि आजोबा होते. तिथं 'वर आणखी थर द्या' म्हणायची सोय नव्हती.

त्या पिढीच्या तज्ज्ञांना हसायचा अधिकार मला नाही. त्यांनी निदान भिंत आधी नीट केली होती.

या ऑक्टोबरात चाकांना लेप लावलेला नाही. दोऱ्या पडलेली जागा ओल्या पॉलिशपेपरनं घासून, तेलकटपणा घालवून रंगाच्या छोट्या बाटलीतून भरून घेतली आहे. बाकी चाकांना साधं मेण. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी मीठ धुवायला नेईन म्हणतो. चाकं बदलल्यावर इस्मानिंगला दोन-तीन खेपा करून पन्नास किलोमीटर भरवले आणि बोल्ट पुन्हा तपासले. वीसपैकी एकही हलला नाही. ज्यांच्याकडे टॉर्क रेंच नसेल त्यांनी माझा न्यावा. तळघरात कपाटाच्या वरच्या फळीवर असतो. वापरून झाल्यावर त्याची कळ शून्याकडे सोडून ठेवावी, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते, आणि कृपा करून परत आणून द्यावा. गेल्या वर्षी नेलेला जॅक अजून आलेला नाही.